अंतरपाटाचा फोटो कुठाय?

आमच्या थोरल्या मुलीचं लग्न २०१६ साली इथं सिंगापुरात झालं. आई (म्हणजे मुलींची आजी) गुडघेदुखीमुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांना फोनवरून लग्न दाखवायची जबाबदारी भाच्यानं घेतली होती, पण मंगलाष्टकांच्या गडबडीत फोन कलला आणि बराच वेळ त्यांना हॉटेलचं छत आणि झुंबरच दिसत राहिलं. त्यामुळे त्या वर्षी सुट्टीत पुण्याला जाताना आमच्या सामानातली सगळ्यांत जड आणि सगळ्यांत जपून नेलेली वस्तू म्हणजे लग्नाचा अल्बम.

आईंनी चष्मा पुसला. अल्बम मांडीवर मावेना म्हणून पाटावर ठेवला आणि एकेक पान निगुतीनं पाहिलं. बोटॅनिक गार्डन्समधला अष्टकोनी बँडस्टँड, फोर्ट कॅनिंगचा गोल जिना, नवरीचं कानातलं, मेंदीनं भरलेले हात, गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवलेल्या अंगठ्या. फोटो खरोखरच देखणे होते. शेवटचं पान झाल्यावर त्या पुन्हा मागं गेल्या, काहीतरी हरवल्यासारख्या, आणि म्हणाल्या, “सगळं छान आहे. पण अंतरपाटाचा फोटो कुठाय?”

आम्ही घाईघाईनं पान काढून दाखवलं. होता की फोटो! मध्ये अंतरपाट, अलीकडे-पलीकडे नवरा-नवरी, दोघंही कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसतायत. आईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे म्हणाल्या, “हा नंतरचा आहे. हार आधीच गळ्यात आहेत.”

चोरी पकडली गेली होती! खरा प्रकार असा झाला, की शेवटचं ‘सावधान’ झालं आणि अंतरपाट दूर झाला त्या क्षणी हॉलमधल्या यच्चयावत मंडळींचे मोबाईल वर गेले. आमचा फोटोग्राफर, एक चिनी तरुण, नेमका त्या हातांच्या जंगलामागं अडकला. थोड्या वेळानं त्यानं अतिशय नम्रपणे विचारलं, “अंकल, आँटी, तो कपडा पुन्हा एकदा धरता येईल का?” गुरुजींच्या कपाळावर आठी पडली, पण तेही भिडस्त. अंतरपाट पुन्हा धरला गेला. नवरा-नवरी पुन्हा उभी राहिली. हार काढायचं कुणाला सुचलं नाही. त्या वेळी यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटलं नाही. आम्हालाही नाही. पुण्यात पाटासमोर बसल्यावर मात्र वाटलं.

पोझ आणि प्रसंग

त्या एका प्रश्नामुळे आम्ही लग्नाच्या फोटोंचा जरा मुळापासून विचार करायला लागलो. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आठवून बघा. बहुतेक घरांत तो एकच असायचा, आणि तोही स्टुडिओत जाऊन काढलेला. एक जण खुर्चीवर, एक जण शेजारी उभं, मागं रंगवलेला पडदा, आणि चेहरे असे की लग्न झालंय की कोर्टात उभं केलंय ते कळू नये. त्यात त्यांची चूक नव्हती. काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटायला वेळ लागायचा आणि तोवर हलायचं नसे. हसू तेवढा वेळ टिकत नाही, गांभीर्य टिकतं!

तसं पाहिलं तर कॅमेरा आपल्या मुंबईत फार लवकर आला. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ सालीच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले उत्तम फोटोग्राफर होते. पण लग्नमंडपात कॅमेरा सर्रास शिरला तो पुष्कळ नंतर, ३५ मिलिमीटरचे सुटसुटीत कॅमेरे आणि फ्लॅश आल्यावर. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळे फोटोग्राफर हात राखून काम करायचा आणि यादीबरहुकूम चालायचा: पत्रिकेवरचा गणपती, मुलीचे आईवडील, मुलाचे आईवडील, आणि मग स्टेजवर रांगेनं येणारे आहेरवाले. पुढे व्हिडिओ आला आणि त्याच्याबरोबर तो डोळे दिपवणारा दिवा. त्या उजेडात सप्तपदी घालताना घामानं डबडबलेली नवरी आणि मागं हिंदी सिनेमातलं गाणं, अशी कॅसेट आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात बुरशी धरून पडली असेल. त्यानंतर आले डिजिटल कॅमेरे आणि करिझ्मा अल्बम, ज्यांत कोथरूडला लग्न झालेलं जोडपं स्वित्झर्लंडच्या बर्फात शालू आणि फेट्यासह उभं असायचं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. फोटो ‘काढवून घेतला’ जायचा. प्रसंग थांबायचा, माणसं कॅमेऱ्याकडे बघायची, मग प्रसंग पुढं सरकायचा.

याच्या उलट चालीची फोटोग्राफी म्हणजे डॉक्युमेंटरी. प्रसंग थांबवायचा नाही, कुणाला ‘इकडे बघा’ म्हणायचं नाही. जे घडतंय ते घडू द्यायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. हे मूळचं वृत्तपत्रांच्या आणि साप्ताहिकांच्या छायाचित्रकारांचं काम. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं ‘द डिसाइसिव्ह मोमेंट’ हे पुस्तक १९५२ साली आलं आणि ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभरच्या छायाचित्रकारांच्या डोक्यात पक्की बसली. लग्नात ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेच्या डेनिस रेजी यांचा मोठा वाटा. १९९६ च्या सप्टेंबरात जॉन केनेडी (धाकटे) यांचं लग्न जॉर्जियाजवळच्या एका बेटावर अगदी मोजक्या माणसांत झालं. लहानशा लाकडी चर्चच्या दारातून बाहेर पडताना नवरदेव नवरीच्या हाताचं चुंबन घेतो, तो रेजींचा फोटो जगभर छापला गेला. तो पाहून असंख्य जोडप्यांना वाटलं, आपलाही फोटो असाच हवा.

आपल्याकडे या प्रकाराला ‘कँडिड’ हे नाव पडलं आणि आता भारतातल्या लग्नांत ‘ट्रॅडिशनल’ फोटोग्राफर वेगळा आणि ‘कँडिड’ वेगळा, असे दोन-दोन ठरवले जातात. बंगळुरूचे महेश शांताराम यांनी तर देशभरातली लग्नं टिपता टिपता ‘मॅट्रिमेनिया’ नावाची चित्रमालिकाच केली. तिच्यात नवरा-नवरीइतकेच मांडव, दिवे आणि कंटाळलेले पाहुणेही महत्त्वाचे आहेत. २०१७ साली इटलीत विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न झालं, त्याचे जोसेफ राधिक यांनी काढलेले फोटो आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलेच आहेत.

पण प्रत्येक फॅशनचं होतं तेच कँडिडचंही होतं. परवा एका लग्नात फोटोग्राफर नवरीला सांगत होता, “मॅडम, तिकडे बघून कँडिड हसा.” आता यावर काय बोलणार? पोझ न दिल्याची पोझ! म्हणजे प्रश्न फक्त कॅमेऱ्याकडे बघायचं की नाही एवढाच नाही. कलात्मकता प्रकाशात असते, कुठं उभं राहायचं त्यात असते, आणि सगळ्यांत जास्त, आता पुढं काय होणार हे ओळखण्यात असते.

हिल स्ट्रीटची नावं नसलेली माणसं

सिंगापूरलाही या कलेची मोठी परंपरा आहे, आणि ती पाहायला फार लांब जावं लागत नाही. सिटी हॉलच्या एमआरटी स्टेशनवर उतरून हिल स्ट्रीटपर्यंत चालत जा. ९२७ रंगीत खिडक्यांची जुन्या पोलिस स्टेशनची इमारत तिथंच आहे. ती १९३४ सालची, आणि तिच्यासमोर पांढऱ्या झग्यातली नवरी आणि तिचा झगा सावरणारी मैत्रीण सुट्टीच्या दिवशी हमखास दिसतात. मागच्या टेकडीच्या उतारावर, कॅनिंग राइजला, विवाहनोंदणी कार्यालयाची ती इमारत, जिथं कित्येक वर्षं इथल्या जोडप्यांनी सह्या केल्या.

याच हिल स्ट्रीटवर १९१० पासून पुढं तेरा-चौदा वर्षं ‘ली ब्रदर्स’ नावाचा स्टुडिओ होता. कँटनहून आलेल्या ली घराण्यातल्या दोन भावांचा. चिनी व्यापारी, पेरानाकन कुटुंबं, चेट्टियार, युरोपियन, सगळे तिथं फोटो काढून घ्यायचे. नवऱ्यामुलीही यायच्या, जड दागिन्यांनी आणि मुकुटानं जवळजवळ झाकून गेलेल्या. जुन्या पद्धतीचं पेरानाकन लग्न बारा दिवस चालायचं म्हणतात, त्यामुळे त्या चेहऱ्यांवर दिसतो तो थकवाही असेल! या स्टुडिओच्या सुमारे २५०० काचेच्या निगेटिव्ह १९९४ साली कुटुंबीयांनी सिंगापूरच्या नॅशनल आर्काइव्हजला दिल्या. दुसऱ्याच वर्षी ग्रेचेन लिऊ यांनी त्यांतले निवडक फोटो ‘फ्रॉम द फॅमिली अल्बम’ या पुस्तकात प्रसिद्ध केले.

ते पाहताना आम्हाला एक गोष्ट फार लागली. फोटो इतके स्पष्ट, की रेशमावरचा टाका न् टाका मोजता यावा. पण त्यांतल्या बहुतेक माणसांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. ही नवरी कोण, कुणाची मुलगी, पुढं काय झालं तिचं? चेहरा राहिला, माणूस हरवलं.

मग घरी येऊन आम्ही आमच्याच लग्नाचा अल्बम काढला. काळे कागद, कोपरे, मध्ये पतंगाचा कागद. पंगतीच्या एका फोटोत आमच्या शेजारी बसलेले गृहस्थ कोण, ते आम्हा दोघांनाही आठवेना. आमच्या मुलींना तर त्यातली निम्मी माणसं परकीच.

लेन्सला न कळणारं लग्न

आता इथल्या धंद्याविषयी थोडंसं. सिंगापूरच्या चिनी समाजात लग्नाचे फोटो दोन प्रकारचे. एक प्री-वेडिंग, म्हणजे लग्नाच्या कितीतरी महिने आधी भाड्याचे कपडे घालून काढलेले. हे मूळचं तैवानकडून आलेलं वेड, आणि तांजोंग पगार रोडवरची ब्रायडल दुकानं त्यासाठी प्रसिद्ध झाली. दुसरा प्रकार म्हणजे ‘ॲक्च्युअल डे’. त्या दिवशी फोटोग्राफर पहाटेपासून हजर असतो. नवरदेव मित्रांना घेऊन मुलीच्या घरी येतो, करवल्या त्याला दारात अडवतात, तिखट-आंबट काहीबाही खायला लावतात आणि पैसे उकळतात (आपल्या जोडे पळवणाऱ्या मेहुण्यांचीच ही चुलतभावंडं!). मग घरातल्या वडीलधाऱ्यांना गुडघ्यांवर बसून चहा द्यायचा, आणि त्यांनी लाल पाकीट आणि दागिने द्यायचे.

आमचा फोटोग्राफर या कामात तरबेज होता. पुण्याहून परतल्यावर आम्ही त्याला फोन केला आणि जरा संकोचानंच विचारलं, की न निवडलेले सगळे फोटो बघायला मिळतील का? तो आधी कां-कूं करत होता. स्वयंपाकघरातला पसारा कुणाला दाखवायला आवडतो? पण शेवटी हार्ड डिस्क घेऊन घरी आला. चहा पितापिता तो जे बोलला ते आम्ही विसरलो नाही.

“चहाच्या वेळी आजीचा हात लाल पाकिटाकडे कधी जाणार, तिचे डोळे कधी भरणार, ते मला दोन सेकंद आधी कळतं. मी तिथं आधीच उभा असतो. तुमच्या लग्नात पुढं काय होणार तेच मला ठाऊक नव्हतं. मी सतत मागून धावत होतो.”

आणि मग त्या ढिगातून तो फोटो निघाला. मोबाईलच्या गर्दीमागून त्यानं कॅमेरा डोक्यावर धरून न बघता बटण दाबलं होतं. एका कोपऱ्यात कुणाचा तरी फोन. अक्षता पडताना हलल्यामुळे पांढऱ्या रेघा उमटलेल्या. नवरदेवाची मुंडावळी आणि एक कान, बस्स. खाली सरकणाऱ्या अंतरपाटाच्या काठानं मुलीचा अर्धा चेहरा झाकलेला, आणि वरती तिचे दोन डोळे. ती हसत नव्हती. चार वर्षांच्या ओळखीच्या मुलाकडे ती असं बघत होती, की जणू पहिल्यांदाच बघतेय.

“हा बिघडलेला आहे, म्हणून दिला नाही,” तो म्हणाला.

आम्ही त्याला सांगितलं, की तुझ्या पाच-सहाशे फोटोंत आम्हाला हवा होता तो हा एकच. मग त्याला अंतरपाट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हा मधला पडदा, तो असेपर्यंत ही दोघं वेगळी, आणि तो गेला की एकत्र. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “हे मला लग्नाआधी कुणी सांगितलंच नाही.”

खरंच होतं ते. आम्ही त्याला जेवण किती वाजता, स्टेजची फुलं कुठल्या रंगाची, ग्रुप फोटो कुणाकुणाचे, सगळं सांगितलं होतं. लग्न काय असतं तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

तो फोटो छापून आम्ही पुण्याला पाठवला. आईंनी तो पोथीत ठेवला.

आईंची यादी

मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. २०२० च्या मे महिन्यात तर सिंगापूरच्या संसदेनं व्हिडिओवरून लग्न लावायची मुभा देणारा तात्पुरता कायदा केला. माणसांच्या संख्येवर बंधनं आली, विमानं बंद झाली, आणि आपल्या कित्येक घरांतल्या काका-मावश्यांना लग्न दिसलं ते फक्त पडद्यावर. जे आमच्या आईंचं २०१६ साली झालं, ते सगळ्यांचंच झालं. परदेशातल्या लग्नाचे फोटो ही हौसेची वस्तू नाही, न आलेल्या माणसांचं ते लग्नाला येणंच असतं, हे तेव्हा पुरतं पटलं.

धाकटीचं लग्न २०२३ च्या डिसेंबरात ठरलं तेव्हा आम्ही त्याच फोटोग्राफरला बोलावलं. मात्र या वेळी आधी फोन केला तो पुण्याला. आई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. त्या सांगत गेल्या आणि आम्ही लिहून घेत गेलो. त्यांनी कधी कॅमेरा हातात धरलेला नाही, पण कुठल्या क्षणी कुणाकडे बघायचं हे त्यांना पाठ होतं.

“गौरीहराशी मुलगी एकटी असते,” त्या म्हणाल्या. “सगळे तिकडे नवऱ्यामुलाच्या मागं. तिथं कुणीतरी असायला हवं.” पिवळ्या अष्टपुत्रीत अन्नपूर्णेपुढं बसून चिमूट चिमूट तांदूळ वाहणारी मुलगी. अख्ख्या दिवसात तिला मिळणारी तेवढीच शांत पंधरा मिनिटं.

मंगलाष्टकांच्या वेळी फोटोग्राफरनं नवरदेवाच्या मागं उभं राहायचं नाही, अंतरपाटाच्या टोकाशी उभं राहायचं, म्हणजे दोघंही दिसतात. दर ‘सावधान’ला अक्षता पडतील तेव्हा दचकायचं नाही. (त्या एका शब्दानं समर्थ बोहल्यावरून निघून गेले असं आपण लहानपणापासून ऐकतो. फोटोग्राफरनं मात्र तो ऐकून जागचं हलायचं नाही!) आणि शेवटचं ‘सावधान’ कसं ओळखायचं? गुरुजी घड्याळाकडे बघतील आणि वाजंत्रीवाल्याकडे (आमच्या बाबतीत टेपरेकॉर्डरचं काम करणाऱ्या लॅपटॉपकडे) हात करतील, तेव्हा.

कन्यादानात सगळे हातांवरून पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढतात. आई म्हणाल्या, “बापाचा चेहरा काढा. त्या वेळी तो कुणाकडे बघत नसतो.” कानपिळी दोन सेकंदांत संपते, पण सगळ्यांत मोठं हसू तिथंच पिकतं, तेव्हा भावाच्या हाताइतकंच मागच्या मंडळींकडेही लक्ष हवं. सप्तपदीला खाली बसायचं, पावलं आणि तांदळाच्या राशी दिसल्या पाहिजेत. होमाच्या धुरातून येणारा उजेड सुंदर दिसतो, तिथं फ्लॅश मारून तो घालवू नये. (होमाबद्दल हॉटेलला मात्र आधी विचारून ठेवावं, नाहीतर लाजाहोमाला धुराच्या अलार्मची साथ मिळायची.) सूनमुखाच्या वेळी सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. तेव्हा एकाच चौकटीत तीन चेहरे मिळू शकतात, पण फोटोग्राफरनं स्वतः आरशात यायचं नाही! आणि विहिणीची पंगत उरकेपर्यंत त्याला घरी सोडायचं नाही, कारण नाव घेताना अडखळलेली नवरी आणि बाजूला ओठ हलवून तिला आठवण करून देणारी मावशी हा फोटो पुन्हा मिळत नसतो.

आम्ही हे सगळं इंग्रजीत दोन पानांत मांडलं. डावीकडे वेळ, मध्ये काय होणार, उजवीकडे कुठं उभं राहायचं. त्याला घरी जेवायला बोलावलं आणि जुन्या लग्नाचा व्हिडिओ दाखवत एकेक विधी समजावला. तो वहीत चित्रं काढून घेत होता. त्यानं आम्हालाही दोन गोष्टी सांगितल्या. हॉटेलच्या पिवळ्या दिव्यांत चेहरे हळदीसारखे येतात, तेव्हा मुहूर्ताची जागा शक्य तर खिडकीजवळ धरा. आणि पाहुण्यांना मोबाईल खाली ठेवायला सांगा. ते आम्ही गुरुजींकडूनच सांगवलं. मंगलाष्टकांच्या आधी ते म्हणाले, “फोटो काढणारा माणूस आपण नेमलेला आहे. तुम्ही डोळ्यांनी बघा.” सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण निम्म्यांनी ऐकलं. तेवढं पुरलं.

तुमच्याकडे कार्य ठरलं असेल तर

मंडळातल्या बऱ्याच घरांत आता मुलांची लग्नं येतायत, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

पहिलं, फोटोग्राफर ठरवताना त्याचे वीस निवडक फोटो पाहून भुलू नका. एका अख्ख्या लग्नाचे सलग फोटो दाखवायला सांगा. वीस चांगले फोटो नशिबानंही मिळतात, अख्खा दिवस नशिबानं मिळत नाही.

दुसरं, पुण्या-मुंबईचा ओळखीचा फोटोग्राफर ‘फिरायला’ म्हणून बोलावून त्याला पैसे देऊन काम करवायचा मोह होतो. त्याला आपले विधी ठाऊक असतात हे खरं, पण नुसत्या व्हिजिट पासवर पैसे घेऊन काम करणं इथल्या कायद्यात बसत नाही. त्यात तोही अडकेल आणि तुम्हीही.

तिसरं, फोटो कुणाच्या मालकीचे ते आधी कागदावर लिहून घ्या. २०२१ च्या नोव्हेंबरापासून सिंगापूरचा कॉपीराइटचा कायदा बदलला आहे. पूर्वी पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचे हक्क सहसा देणाऱ्याकडे असत. आता वेगळं ठरवलेलं नसेल तर ते काढणाऱ्याकडे राहतात. आपल्या मुलीचा फोटो जाहिरातीत वापरायचा की नाही, मूळ फायली मिळणार की नाही, हे बोहल्यावर चढायच्या आधीच ठरलेलं बरं.

चौथं, न निवडलेले फोटो एकदा तरी बघायला मागा. फोटोग्राफर फोटो निवडतो, माणसं आपण निवडायची असतात.

आणि शेवटचं, फोटो छापा आणि मागं नावं लिहा. फोनमधले तीन हजार फोटो कुणी बघत नाही आणि फोन बदलला की तेही जातात. पन्नास फोटो छापून घ्या, मागं पेन्सिलीनं लिहा, की ही मोठी आत्या, नाशिकची. हे शेजारचे काका, ज्यांनी विमानतळावर तीन चकरा मारल्या. साठ वर्षांनी कुणी नातवंड तो फोटो हातात धरेल तेव्हा हिल स्ट्रीटच्या त्या नवरीसारखं व्हायला नको.

धाकटीचा अल्बम घेऊन आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. या वेळी तो लहान आणि हलका होता, मांडीवर मावेल असा. अंगठ्या आणि पाकळ्या नव्हत्या. आईंनी चष्मा पुसला. गौरीहराच्या पानावर बराच वेळ थांबल्या. कन्यादानाच्या फोटोवर बोट ठेवून आपल्या मुलाकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता पान उलटलं. पुढच्या दोन पानांवर मिळून एकच फोटो होता. अंतरपाट नुकताच सुटलेला, हार अजून हातांत, दोघांची नजर एकमेकांवर, अक्षता हवेत.

आईंनी तो नीट निरखला.

“ह्यात गुरुजींचं डोकं मध्ये आलंय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “असू दे. हार हातात आहेत.”